वाटतं की दिसतं?

1926 सालचं व्हिएन्ना. चाळिशीला टेकलेला एक गृहस्थ रस्त्याने जाताना दर दुकानाच्या काचेपाशी रेंगाळतो. काचेआडच्या मालाशी त्याला काही देणंघेणं नाही. काचेत उमटणारं स्वतःचं नाक त्याला बघायचं असतं. खिशात छोटा आरसा असतोच, तो दर दोन-चार मिनिटांनी बाहेर निघतो. नाकाला पावडर लावायची, आरसा खिशात टाकायचा. मिनिटभराने तो पुन्हा काढायचा, पावडर पुसून टाकायची आणि कातडीचं एकेक छिद्र न्याहाळायचं. नाकावरचा खड्डा भरत आलाय, की वाढतोय? घर, नोकरी, आजारी बायको, सगळं या नाकामागे पडलेलं.

हा सर्गेई पांकेयेव. गडगंज रशियन जमीनदाराचा मुलगा. क्रांतीत सगळं गेलं आणि व्हिएन्नात विम्याच्या कचेरीत नोकरी करायची वेळ आली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो ‘वुल्फ मॅन’ या नावाने अजरामर झाला आहे, कारण लहानपणी त्याला झाडावर बसलेल्या पांढऱ्या लांडग्यांचं स्वप्न पडलं होतं आणि फ्रॉइडने त्या स्वप्नावर एक अख्खं प्रकरण रचलं. नाकाचं दुखणं मात्र पुढचं. तेव्हा फ्रॉइड स्वतः आजारी होता, म्हणून त्याने पांकेयेवला आपली शिष्या रूथ मॅक ब्रन्सविक हिच्याकडे पाठवलं. तिने 1928 साली ही हकीकत छापली. तिची एक नोंद मोठी मासलेवाईक आहे: त्याच्या बसक्या, छोट्याशा नाकावर तिला काहीसुद्धा दिसलं नाही.

तिला दिसत नव्हतं आणि त्याला दिसत होतं. खोली एक, उजेड एक, नाकही एकच.

हे आपल्याकडे घरोघरी वेगळ्या शब्दांत चालतं. मुलगी आरशासमोरून हलत नाही. आई म्हणते, ‘अगं, काही नाहीये, तुला उगाच वाटतं तसं.’ मुलगी म्हणते, ‘वाटत नाही आई, दिसतं.’ मराठीने ‘वाटणं’ आणि ‘दिसणं’ ही दोन क्रियापदं वेगळी ठेवली आहेत आणि भांडण नेमकं त्या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. बहुतेक वेळा ते वयाबरोबर मिटतं. काहींचं मिटत नाही. दिवसाचे तीन-चार-पाच तास नाकात, कातडीत, केसांत, हनुवटीत जातात. शाळा सुटते, नोकरी सुटते, माणसं सुटतात. काही जण जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत पोचतात. या आजाराला आज बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात बीडीडी. शंभरातल्या साधारण दोघांना तो असतो आणि दोन तृतीयांश रुग्णांत वयाच्या अठराव्या वर्षाआधीच सुरू झालेला असतो. शंभरेक वर्षं वैद्यकाने बाजू आईची घेतली: डोळे ठीक आहेत, बिघाड ‘वाटण्यात’ आहे. मुलीचं म्हणणं कुणी तपासून बघायला घेतलं, ते अगदी अलीकडे.

नावापासून सुरुवात करू. ‘डिस्मॉर्फिया’ हा शब्द ग्रीक, आणि तो हिरोडोटसच्या एका गोष्टीत येतो. स्पार्टातल्या एका सधन घरची मुलगी दिसायला अगदीच कुरूप होती. दाई तिला रोज हेलनच्या देवळात नेई आणि मूर्तीपुढे ठेवून साकडं घाली. एक दिवस एका अनोळखी बाईने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे तीच मुलगी स्पार्टातली सर्वांत देखणी स्त्री झाली, राजाची राणी झाली. या गोष्टीत कुरूपता खरी आहे. सगळ्या गावाला ती दिसते.

1891 साली जेनोआच्या एका वैद्यकीय संस्थेच्या वार्तापत्रात एन्रिको मोर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने हाच शब्द उचलला आणि त्याला ‘भय’ जोडलं: डिस्मॉर्फोफोबिया. (पुष्कळ पुस्तकांत 1886 साल छापलेलं आढळतं. एकाने चूक केली, बाकीच्यांनी ती इमानाने उतरवून घेतली.) पण मोर्सेलीच्या रुग्णांची कुरूपता गावाला दिसत नव्हती. धडधाकट, चारचौघांसारखा दिसणारा माणूस जेवताना, वाचताना, गप्पा मारताना मध्येच दचकतो, कारण आपण विद्रूप झालो आहोत किंवा होऊ लागलो आहोत, ही धास्ती त्याला कुठेही आणि केव्हाही गाठते. तो आरशाकडे धावतो. कपाळ दबलंय का? नाक वाकडं झालंय का? क्षणभर समाधान होतं, मग पुन्हा तेच.

मोर्सेलीच्या या लेखाचा दुसरा अर्धा भाग कुणी सहसा सांगत नाही. मोर्सेलीने त्याच लेखात आणखी एका भयाला नाव दिलं होतं: टॅफेफोबिया, म्हणजे जिवंतपणी पुरलं जाण्याची भीती. त्या काळात युरोपात ही भीती इतकी पसरलेली होती की आत घंटेची दोरी असलेल्या शवपेट्या निघत. ती भीती विरली आणि तो शब्द आता कोशातच सापडतो. तिच्या जोडीने जन्मलेलं भावंड मात्र वाढतच गेलं.

का वाढलं, याचं एक सोपं उत्तर आरशात सापडेल असं वाटतं. 1835 साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढवण्याची रीत शोधली. त्याआधी मोठा, स्वच्छ आरसा ही श्रीमंतांची चैन. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो मध्यमवर्गीय घरात आला. मोर्सेलीचे रुग्ण म्हणजे जवळजवळ पहिलीच अशी पिढी, जिच्या भिंतीवर चेहरा लख्ख दिसे. हिशोब झकास जुळतो, म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते. आरसा सगळ्यांच्या घरी आला. दुखणं शंभरातल्या दोघांनाच झालं. शब्दांच्या बाजूने मात्र एक गंमत आपल्या पदरात पडते. मराठी ‘आरसा’ आला तो संस्कृत ‘आदर्श’ या शब्दावरून, प्राकृतातून झिजत झिजत. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसाही आणि नमुनाही. आपण कसे आहोत आणि कसं असायला हवं, ही दोन्ही कामं भाषेने एकाच वस्तूवर सोपवली होती.

मोर्सेलीनंतर शब्द हातोहात फिरला. जर्मनीत क्रेपेलिनने आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत त्याला सक्तीच्या विचारांच्या ओळीत बसवलं. पॅरिसमध्ये पिएर जाने याने 1903 साली त्याकडे ‘शरीराची लाज’ म्हणून पाहिलं, आणि मला वाटतं त्या पिढीत रुग्णाच्या सर्वांत जवळ तोच पोचला. कारण या माणसांना आरशापेक्षा जास्त छळते ती दुसऱ्याची नजर. जपानी मनोविकारतज्ज्ञांनी तर चारचौघांत वावरण्याच्या भयाचाच एक पोटप्रकार म्हणून ‘आपल्या कुरूप चेहऱ्याचं भय’ वेगळं नोंदवलं. भय, सक्ती, लाज असं नाव बदलत राहिलं. डोळ्यांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. ब्रन्सविकबाईंच्या लेखात पांकेयेवचं नाक पानोपानी आहे, त्याचा अर्थ लावण्यात बाई रंगून गेल्या आहेत, फ्रॉइडशी त्याचं असलेलं नातं त्या नाकातून वर काढतात; पण ‘तुला ते नेमकं कसं दिसतं?’ हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा नाही.

ज्यांना हा प्रश्न रोज विचारला जात होता, ते लोक दुसऱ्याच खोलीत बसले होते. ते शल्यविशारद. आणि तिथे जाणारी वाट पुण्यावरून जाते.

1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एका मराठा बैलवानाच्या नाकाची हकीकत छापून आली. इंग्रजांनी त्याचं नाव कावसजी असं लिहिलं आहे. टिपूशी झालेल्या लढाईत तो इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या कारागिराने त्याला नाक बसवून दिलं. कृती वाचताना सुताराचं काम बघतोय असं वाटतं. आधी मेणाची पातळ पट्टी घेऊन ती उरलेल्या खुंटावर नाकाच्या आकारात बसवायची. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि भोवतीने रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलायची, पण दोन भुवयांच्या मधला एक चिंचोळा पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग तो तुकडा पिळून खाली वळवायचा आणि नाकाच्या जागी बसवायचा. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी हे स्वतः पाहिलं. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ते वाचलं, 1814 साली करून पाहिलं आणि 1816 साली त्यावर पुस्तक काढलं. युरोपातल्या नव्या प्लॅस्टिक सर्जरीची एक मुळी अशी पुण्याच्या मातीत सापडते.

कावसजीला नाक नव्हतं. त्यात वाटण्या-दिसण्याचा प्रश्नच नव्हता. शंभर वर्षांनी, 1898 साली, बर्लिनच्या याक योझेफ या सर्जनपुढे एक तरुण येऊन बसला. त्याचं नाक होतं, धडधाकट होतं, फक्त मोठं होतं, आणि त्यामुळे तो लोकांत जाईना. योझेफने नाक लहान केलं, वैद्यकसभेत ते मांडलं आणि बाजू अशी लढवली की मन दुखत असेल तर निरोगी नाकावर सुरी चालवणंही उपचारच आहे. त्या तरुणाचं नाक इतरांनाही मोठं दिसत होतं, म्हणून तो मोकळा झाला. पण दार एकदा उघडलं की मागून कोण येईल ते सांगता येत नाही. ज्यांच्या नाकात इतरांना काहीच दिसत नाही तेही आले. त्यातले बहुतेक शस्त्रक्रियेनंतरही समाधानी होत नाहीत. किंवा नाकाचा प्रश्न मिटतो आणि हनुवटी खुपू लागते. हा अनुभव सर्जनांना मानसोपचारतज्ज्ञांच्या आधी आला. सुरीने नाक बदलतं, बघणं बदलत नाही, असं त्यावरून कुणाला तरी सुचायला हरकत नव्हती.

अमेरिकेत मानसिक आजारांचं एक अधिकृत बाड असतं, त्याला डीएसएम म्हणतात. 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत डिस्मॉर्फोफोबिया पहिल्यांदा आला, तोही ‘इतर’ या खणात उदाहरणादाखल, एखाद्या दूरच्या पाहुण्यासारखा. 1987 च्या सुधारित आवृत्तीत त्याला स्वतंत्र खोली मिळाली आणि नाव बदललं. पालीची, विंचवाची, उंचीची असते तशी ही नुसती भीती नाही, हे आता कळलं होतं. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर हे नाव तेव्हाचं. 1990 च्या दशकात कॅथरीन फिलिप्स या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी शेकडो रुग्णांची पद्धतशीर माहिती गोळा केली आणि 1996 साली सर्वसामान्यांसाठी ‘द ब्रोकन मिरर’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे हे दुखणं लोकांना माहीत झालं.

त्या व्याख्येतल्या एका विशेषणाकडे बघा. 1987 साली आणि पुन्हा 1994 साली व्यंगाला ‘कल्पित’ म्हटलं होतं. म्हणजे माणूस कल्पना करतोय. आईच्या भाषेत, उगाच वाटतंय. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ते विशेषण काढलं गेलं आणि त्या जागी ‘जाणवलेलं’ व्यंग आलं, जे इतरांना दिसत नाही किंवा किरकोळ वाटतं. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तोच सूर आहे. आजाराची जागाही बदलली, तो आता ओसीडीच्या, म्हणजे सक्तीच्या विचारांच्या आजाराच्या, शेजारी राहतो. वरवर बघता हा शब्दाला शब्द आहे. पण ‘तू कल्पना करतोस’ असं तोंडावर ऐकवलेल्या माणसाला त्यातलं अंतर विचारा. बाडाने निकाल मुलीच्या बाजूने दिला असं मी म्हणणार नाही. पण आईचा निकाल मात्र मागे घेतला.

मधल्या वर्षांत प्रयोगशाळांत जे झालं त्याची सुरुवात एका विचित्र चित्राने होते. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1941 साली एक आकृती काढली. मोठा आयत, त्यात कर्ण, आडव्या-उभ्या रेघा, एका बाजूला चिकटलेला क्रॉस, दुसऱ्या बाजूला त्रिकोण, आत तीन ठिपक्यांचं वर्तुळ. अशा अठरा तुकड्यांची ती आकृती बघून उतरवायची आणि काही वेळाने आठवणीतून काढायची. ज्याने आधी मोठा आयत काढून त्यात बाकीचं बसवलं, त्याला ती नंतर नीट आठवते. ज्याने कोपऱ्यातल्या वर्तुळापासून सुरुवात केली आणि तुकड्याला तुकडा जोडत गेला, त्याची आकृती आठवणीत विस्कटते. 2000 साली डेकर्सबाख आणि सहकाऱ्यांनी ही आकृती बीडीडीच्या रुग्णांपुढे ठेवली. त्यांची आठवण इतरांपेक्षा कच्ची निघाली, आणि कारण स्मरणशक्तीत नव्हतं, मांडणीत होतं. ती माणसं मोठा आयत आधी पकडत नव्हती.

चेहराही तसाच आहे. ओळखीचा माणूस आपण नाक, डोळे, ओठ अशी बेरीज करून ओळखत नाही. चेहरा एकदम, सबंध येतो. पडताळा घ्यायचा तर वर्तमानपत्रातला एखाद्या पुढाऱ्याचा फोटो उलटा धरा. ओळखायला क्षणभर अडखळायला होतं. 1969 साली रॉबर्ट यिनने दाखवून दिलं की घर, विमान वगैरे उलटं केल्यावर जितकं अडतं त्यापेक्षा चेहरा उलटा केल्यावर फार जास्त अडतं, कारण सबंध बघण्याची यंत्रणा फक्त सुलट्या चेहऱ्यावर चालते. उलटा झाला की तुकडे जोडणं आलं. 1980 साली यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्प्सनने मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड उलटे चिकटवले. फोटो उलटा धरला की बाई ठीक दिसतात. सुलटा केला की अंगावर काटा येतो.

मग ज्या माणसाला सुलटा चेहराही तुकड्यातुकड्यांनी बघायची सवय आहे, त्याला उलट्या चेहऱ्याने फारसं अडायला नको. जेमी फॉइस्नर या लॉस एंजेलिसच्या मनोविकारतज्ज्ञाच्या गटाने 2010 साली हे करून पाहिलं. चित्र अर्धा सेकंद दाखवलं तेव्हा रुग्ण आणि इतर सारखेच. पाच सेकंद दाखवलं तेव्हा उलट्या चेहऱ्याने इतर मंदावले, रुग्ण तितके मंदावले नाहीत. या ‘पाच सेकंदां’कडे मी पुन्हा पुन्हा येतो. झटकन बघताना फरक नाही, न्याहाळू लागलं की फरक.

त्याआधी, 2007 साली, फॉइस्नरच्या गटाने मेंदूकडे पाहिलं होतं. फंक्शनल एमआरआय हे यंत्र विचार वाचत नाही. मेंदूच्या कुठल्या भागाकडे रक्तातला प्राणवायू जास्त खेचला जातोय एवढंच ते सांगतं. 12 रुग्ण, 13 निरोगी माणसं. त्यांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो तीन तऱ्हांनी दाखवले. एक जसाच्या तसा. दुसरा चष्मा काढल्यावर दिसतो तसा, फक्त उजेड-सावलीचे मोठे पट्टे उरलेले. तिसरा उलट चाळणीतून काढलेला, त्यात फक्त कडा, सुरकुत्या, केस, तीळ. फोटो एकच, एकात जाडं उरलंय आणि एकात बारीक. निरोगी लोकांत मेंदूच्या डाव्या बाजूचे बारकाव्यांचं काम करणारे काही भाग मुख्यतः तिसऱ्या फोटोच्या वेळी कामाला लागले. रुग्णांत ते तिन्ही वेळी लागले, धूसर फोटोतसुद्धा, जिथे निवडायला खडेच नव्हते.

चेहरे परक्यांचे होते, हे इथे महत्त्वाचं. स्वतःच्या नाकाची लाज, भय, फ्रॉइडशी नातं, यातलं काहीही त्या फोटोंत नव्हतं.

2010 साली त्यांना स्वतःचा चेहरा दाखवला: 17 रुग्ण, 16 इतर. डोळ्यांच्या वरच्या बाजूला कपाळाआड असलेला मेंदूचा भाग आणि आत खोल असलेलं कॉडेट नावाचं केंद्र, हे दोन्ही रुग्णांत जास्त पेटले. ओसीडीतही याच जोडीचं नाव घेतलं जातं, ‘झालं, पुरे’ असं न म्हणू शकणारी ही जोडी. आणि धूसर फोटो समोर आला की मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात हालचाल इतरांपेक्षा कमी. जणू सबंध आकृती तिथे नीट पोचतच नव्हती.

या सगळ्यांत मला सर्वांत थक्क करणारा प्रयोग 2011 चा आहे, कारण त्यात माणूसच नाही. 14 रुग्ण, 14 इतर आणि घरांचे फोटो. भिंती, खिडक्या, छप्पर. धूसर घर दाखवल्यावर रुग्णांच्या दृष्टीशी आणि जागेच्या जाणिवेशी संबंधित काही भागांत पुन्हा हालचाल कमी. घराला कुणी नाकी डोळी नीटस म्हणत नाही. घराची लाज वाटायचं कारण नाही. तरीही बघण्याची तीच ढब.

इथे आईची बाजू मांडायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. हे प्रयोग डझन-दीड डझन माणसांवरचे आहेत. 2013 साली लंडनच्या संशोधकांनी रुग्णांपुढे उलटे चेहरे आणि सबंध-तुकडा तपासणाऱ्या आणखी दोन कसोट्या ठेवल्या, तेव्हा त्यांना फरक सापडला नाही. मेंदूतली प्रत्येक वेगळी हालचाल हे आजाराचं कारण असतं असंही नाही. रोज चार तास याप्रमाणे दहा वर्षं नाकाची छिद्रं तपासणाऱ्या माणसाची नजर त्या कामात तरबेज होणारच. सोनाराची होते, तांदूळ निवडणाऱ्या बाईची होते. आधी बघणं बिघडलं आणि मग आरसा आला, की आरशाने बघणं बिघडवलं?

दुसऱ्या शक्यतेला पुरावा कुणालाही घरी मिळेल. कागदावर ‘आरसा’ हा शब्द लिहा आणि दोन मिनिटं त्याकडे टक लावून बघा. काना सुटा होतो, ‘र’ला शेपूट फुटतं, शब्द परका होतो. चेहऱ्याचंही तसंच होतं. इटलीतल्या उर्बिनोच्या जियोव्हानी कापुतो याने 2010 साली निरोगी माणसांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात बघत बसवलं. त्यांना आपले चेहरे ताणलेले, वितळलेले दिसले, काहींना तर भलतंच कुणीतरी. लंडनमध्ये डेव्हिड व्हील याच्या गटाने साध्या उजेडात तुलना केली: पंचवीस सेकंद आणि दहा मिनिटं. रुग्णांना दोन्ही वेळा त्रास झाला. निरोगी माणसंही दहा मिनिटांनंतर स्वतःच्या रूपावर खट्टू झाली. आजी ‘सारखं आरशात बघू नये’ म्हणायची तेव्हा तिच्याकडे कारण नव्हतं, एवढंच.

आताचा आरसा हातात असतो आणि तो सरळ खोटं बोलतो. 2018 साली काही अमेरिकी सर्जनांनी गणित मांडलं: बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. दोष नाकाचा नाही, लेन्सचाही नाही. जवळची वस्तू मोठी दिसते, बस. त्यांनी हे मांडलं, कारण लोक तसला फोटो घेऊन नाक लहान करून मागायला येत होते. पांकेयेवच्या खिशातला आरसा निदान नाकाला नाक म्हणत होता.

औषधं आहेत, ओसीडीला चालतात तीच, आणि ती अनेकांना लागू पडतात. सोबत जी संवादातून होणारी उपचारपद्धती आहे तिच्यात आरशाचा तास असतो. आरसा फोडायचा नाही की झाकायचा नाही. त्याच्याकडे जायची रीत बदलायची. नाक काचेला टेकवून बघायचं नाही, हातभर लांब उभं राहायचं. मग डोक्यापासून पायापर्यंत सगळं, ओळीने, मोठ्याने सांगायचं: केस काळे, खांद्यापर्यंत, कपाळ, भुवया, नाक सरळ, खाली थोडं रुंद, ओठ. ‘घाणेरडं’, ‘भयानक’ हे शब्द वर्ज्य. पंचनाम्याची भाषा वापरायची. आणि नाकापाशी आल्यावर कपाळाला दिला तेवढाच वेळ द्यायचा. ऐकायला किती सोपं वाटतं. पहिल्या तासाला नाकाच्या पुढे जाणं जमत नाही.

फॉइस्नरच्या गटाने 2021 साली याहून साधी गोष्ट करून पाहिली. रुग्णांना यंत्रात झोपवलं आणि त्यांचाच फोटो समोर धरला. आधी सांगितलं, हवं तसं बघा. मग फोटोच्या मध्यावर एक फुली दिली आणि नजर तिथेच ठेवायला सांगितलं. फिरायचं नाही, शोधायचं नाही, निवडायचं नाही. भिरभिरणारे डोळे थांबले, आणि मेंदूच्या मागच्या दृष्टीच्या भागाकडून वर जाणारा, वस्तू सबंध पकडायला मदत करणारा मार्ग जास्त जोमाने बोलू लागला. शेवटी फुली काढून टाकली आणि पुन्हा सांगितलं, आता हवं तसं बघा. त्या बघण्यात फुलीचा थोडा परिणाम अजून शिल्लक होता.

फुली चेहऱ्याच्या मधोमध होती. म्हणजे नाकाला अगदी लागून.